हाती आलेला प्रतिनायक : ‘किंग ऑफ फायटर्स ’९७’ आणि लढाई-खेळांतील गुप्त व बॉस पात्रे

बीजसंज्ञा : लढाई-खेळ, प्रतिनायक, गुप्त पात्र, बॉस, लिंबूटिंबू, रडीचा डाव.

प्रस्तावना

प्रतिनायकाचा विचार भारतीय काव्यशास्त्राला नवा नाही. धनंजयाने ‘दशरूपका’त त्याचे लक्षण सांगताना लोभ, उद्धटपणा, हटवादीपणा, पापाचरण आणि व्यसनाधीनता हे विशेष नोंदवले. मराठी रंगभूमी व कादंबरी यांनी या लक्षणाला वेळोवेळी छेद दिला. आचार्य अत्रे यांच्या ‘तो मी नव्हेच’ (१९६२) या नाटकात आरोपीच नाटकाचा केंद्रबिंदू झाला आणि प्रभाकर पणशीकरांनी रंगवलेला लखोबा लोखंडे पाहण्यासाठी प्रेक्षक पुन्हा पुन्हा नाट्यगृहात गेले. शिवाजी सावंत यांच्या ‘मृत्युंजय’ने (१९६७) कौरवांच्या बाजूने लढलेल्या कर्णाला वाचकाच्या अंतःकरणात नायकाचे स्थान दिले. तथापि या सर्व उदाहरणांत रसिक प्रतिनायकाकडे पाहतो, त्याचे म्हणणे ऐकतो, फार तर त्याच्याशी समरस होतो. प्रतिनायकाच्या हातापायांचा ताबा रसिकाला मिळत नाही.

हा ताबा देणारे माध्यम म्हणजे व्हिडिओ खेळ. त्यातही १९९०च्या दशकातील लढाई-खेळ, म्हणजे पडद्यावर समोरासमोर उभी राहणारी दोन पात्रे आणि त्यांच्यामागे दांडी व बटणे हाताळणारे दोन खेळाडू, हा प्रकार या दृष्टीने विशेष अभ्यसनीय आहे. या खेळांत शेवटी येणारा अतिबलाढ्य प्रतिस्पर्धी ‘बॉस’ म्हणून ओळखला जातो. तर निवडीच्या पडद्यावर न दिसणारे, ठराविक क्रमाने दांडी हलवून व बटणे दाबूनच मिळणारे पात्र ‘गुप्त पात्र’ ठरते. अनेकदा गुप्त पात्र हा बॉसच असतो. ज्याला हरवण्यासाठी खेळाडूने नाण्यामागून नाणी टाकली, तोच एके दिवशी खेळाडूच्या हाती येतो, तेव्हा त्या पात्राचे, खेळाचे आणि दोन खेळाडूंमधील नात्याचे काय होते, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. विवेचनासाठी मुख्यतः जपानच्या एस.एन.के. कंपनीचा ‘द किंग ऑफ फायटर्स ’९७’ (१९९७) हा खेळ घेतला आहे. भारतातील व्हिडिओ गेम पार्लरांत या खेळाने मिळवलेली लोकप्रियता सर्वज्ञात आहे. आज महाविद्यालयांत शिकवणाऱ्या पिढीतील अनेकांचे या माध्यमाशी पहिले नाते अशाच यंत्रांसमोर जडले. साहित्याच्या अभ्यासकाने त्याकडे पाठ फिरवण्याचे कारण नाही.

बॉस : नियमाबाहेरचा प्रतिस्पर्धी

पार्लरमधील यंत्र हे प्रथमतः व्यवसायाचे साधन होते. एका नाण्यावर एक खेळाडू तासभर खेळत राहिला, तर मालकाचे नुकसान. म्हणून खेळ उत्तरोत्तर कठीण होत जातो आणि शेवटी बॉस उभा राहतो. त्याला एक प्रकारचा जकातनाकाच म्हणावे लागेल. त्याचे फटके इतरांपेक्षा जबर, त्याची पोच लांब, त्याच्या काही चाली तर अशा की तशा चाली खेळाडूच्या पात्राला दिलेल्याच नाहीत. पात्रांमधील समतोल हा लढाई-खेळाचा पाया मानला, तर बॉस हा त्या पायाचा जाहीर अपवाद होय. आणि हा अपवाद खेळाडूने मान्य केलेला असतो. यंत्र हे माणूस नव्हे, त्याच्याकडून समतेची अपेक्षा करण्यात अर्थ नाही, अशी त्यामागची धारणा दिसते.

कॅपकॉम कंपनीच्या ‘स्ट्रीट फायटर २’मध्ये (१९९१) खेळाडूला आठ पात्रे मिळत, शेवटचे चार बॉस केवळ यंत्राच्या ताब्यात असत. १९९२च्या ‘चॅम्पियन एडिशन’ या आवृत्तीत हे चौघेही खेळाडूंना खुले झाले. यांतील सगात या पात्राचा प्रवास अभ्यासकाने लक्षपूर्वक पाहावा असा आहे. १९८७च्या पहिल्या ‘स्ट्रीट फायटर’मध्ये तो अंतिम बॉस होता. १९९१मध्ये तो उपांत्य बॉस झाला. १९९२मध्ये कोणीही निवडावा असा एक सामान्य लढवय्या झाला. १९९४च्या ‘सुपर स्ट्रीट फायटर २ टर्बो’मध्ये त्याचे जुने रूप कोड दिल्यावरच मिळू लागले, म्हणजे तो गुप्त पात्र झाला. सात वर्षांत एकाच पात्राने बॉस, सामान्य पात्र आणि गुप्त पात्र या तिन्ही अवस्था भोगल्या. (याच चौघांपैकी तिघांची नावे जपानबाहेर आपापसांत अदलाबदल करून वापरली गेली. मुष्टियोद्ध्याचे मूळ नाव व रूप माइक टायसन यांच्याशी फार जुळते, ही धास्ती त्यामागे होती. प्रतिनायकाचे नामांतर कायद्याच्या भीतीने व्हावे, हीही या माध्यमाची एक गंमतच.)

गुप्त पात्र : कर्णोपकर्णी मिळणारे ज्ञान

गुप्त पात्राचे अस्तित्व यंत्र सांगत नाही. ते खेळाडू खेळाडूला सांगतो. या दृष्टीने गुप्त पात्र हे लोकसाहित्याच्या अभ्यासकाला ओळखीचे वाटावे असे प्रकरण आहे. मिडवे कंपनीच्या ‘मॉर्टल कॉम्बॅट’मध्ये (१९९२) रेप्टाइल हे हिरव्या वेशातील पात्र गाठण्यासाठीच्या अटी एखाद्या कडक व्रताच्या नियमांसारख्या होत्या : खंदकावरच्या पुलाची विशिष्ट रंगभूमी, चंद्रासमोरून सरकणारी सावली, बचावाचे बटण एकदाही न दाबता व एकही फटका न खाता जिंकलेल्या दोन्ही फेऱ्या, आणि शेवटी प्राणांतिक चाल. एवढे करूनही त्या वर्षी रेप्टाइल खेळाडूला मिळत नव्हता. फक्त भेटत होता. पुढच्या वर्षीच्या दुसऱ्या भागात तो निवडता येऊ लागला.

अफवेतून पात्र जन्मल्याची उदाहरणेही आहेत. ‘स्ट्रीट फायटर २’च्या इंग्रजी रूपांतरातील एका चुकीच्या वाक्यामुळे शेंग लाँग नावाचा कोणी गुरू खेळात दडला आहे असा समज पसरला. एप्रिल १९९२मध्ये ‘इलेक्ट्रॉनिक गेमिंग मंथली’ या अमेरिकी मासिकाने एप्रिल फूल म्हणून त्याला गाठण्याची कृतीच छापली. लोकांनी ती खरी मानली आणि तसे खेळून पाहिले. १९९४मध्ये कॅपकॉमने गोकी हे खरोखरीचे गुप्त पात्र आणले, त्याचा बराचसा घाट या अफवेतील गुरूसारखा होता. जपानबाहेर त्याला अकुमा म्हणतात. ‘मॉर्टल कॉम्बॅट’मधील एरमॅक याचा जन्मही असाच : यंत्राच्या तांत्रिक नोंदीतील एका शब्दावरून अफवा उठली आणि १९९५मध्ये निर्मात्यांनी त्या नावाचे पात्रच खेळात आणून बसवले. श्रोत्यांनी कथेत भर घालावी आणि कथेकऱ्याने ती पुढच्या वेळी आपलीशी करून सांगावी, ही मौखिक परंपरेची रीत येथे यंत्रयुगात दिसते.

‘किंग ऑफ फायटर्स ’९७’ : माणसात दडलेला दुसरा

वरील दोन्ही खेळांत गुप्त पात्र कथेच्या बाहेरून येते. गोकी मूळ स्पर्धेत नाही. काही अटी पूर्ण झाल्यास तो अचानक येऊन नेहमीच्या अंतिम बॉसला ठार करतो आणि त्याची जागा घेतो. त्याचे येणे थरारक खरे, परंतु त्याला आधीच्या कथेत मूळ नाही. ‘किंग ऑफ फायटर्स ’९७’ने याबाबतीत वेगळी आणि अधिक प्रगल्भ वाट घेतली.

१९९५मध्ये सुरू झालेल्या ओरोची कथानकाचा हा अखेरचा भाग. त्याची मुळे जपानच्या पुराणकथेत आहेत. इ.स. ७१२च्या ‘कोजिकी’ या ग्रंथात सुसानो हा देव आठ डोक्यांच्या यामाता नो ओरोची या सर्पाला मद्य पाजून मारतो आणि त्याच्या शेपटीतून पुढे कुसानागी नावाने ओळखली जाणारी तलवार निघते. खेळाने तलवार, आरसा व रत्न या तीन पवित्र वस्तूंची तीन घराणी केली. क्यो हा कुसानागी घराण्याचा, चिझुरू ही आरशाच्या घराण्याची. तिसऱ्या घराण्याने मात्र ६६० वर्षांपूर्वी ओरोचीशीच करार केला, त्याचे रक्त आपल्यात घेतले आणि यागामी हे नाव धारण केले. इओरी यागामी हा त्या घराण्याचा वारस. क्योचा वैरी, तरीही ओरोचीचा दास होण्यास नकार देणारा.

खेळाच्या उत्तरार्धात या इओरीचे रक्त उसळते. चांदण्या रात्री ओरोचीच्या रक्ताने वेडा झालेला इओरी, असे त्याच्या या रूपाचे जपानी नावच आहे. खेळाडूच्या संघानुसार कधी तो, तर कधी त्याच रक्ताची लिओना, भान हरपून वाटेत उभी राहते. पुढे यशिरो, शर्मी व क्रिस हे संगीत वाजवणारे, वरवर निरुपद्रवी वाटणारे त्रिकूट ओरोचीचे सेवक म्हणून प्रकट होते आणि अखेरीस क्रिसच्याच देहात ओरोची अवतरतो.

आता गुप्त पात्रांची योजना पाहावी. स्टार्टचे बटण दाबून धरून दांडी ठराविक क्रमाने हलवली, की रक्त उसळलेले इओरी व लिओना, तसेच त्रिकुटाची ओरोची-रूपे खेळाडूला मिळतात. म्हणजे येथे गुप्त असलेला कोणी परका नाही. तो नेहमीच्याच पात्राच्या आत दडलेला दुसरा आहे. नेहमीचा यशिरो ठोसे मारतो, ओरोची-यशिरो पकडून आपटतो. नेहमीची शर्मी पकडीची खेळाडू, तर दुसरी शर्मी विजेची. क्रिस दुसऱ्या रूपात ज्वाला वापरतो, आणि त्याही थेट नायक क्योच्या चालींची आठवण करून देणाऱ्या. हा बदल केवळ रंगाचा वा ताकदीचा नाही. इतके दिवस जे हातांनी शिकले ते सारे निरुपयोगी ठरते व त्याच देहाची दुसरी भाषा शिकावी लागते. स्वभावातील द्वैत या कथाविषयाला कादंबरीकार निवेदनातून आकार देतो. येथे तो बोटांच्या सवयीतून मिळतो. लढाई-खेळांच्या इतिहासात याहून सरस योजना क्वचितच आढळेल.

वेडा इओरी या सर्वांत उठून दिसतो. त्याच्या चाली बहुतांशी त्याच आहेत, वेग मात्र अफाट, आणि बोलण्याच्या जागी किंचाळ्या. शब्द गेल्यामुळे त्याचा अहंकारही गेला आहे, असे पाहणाऱ्याला वाटते. कथेतील त्याचे दुःख हेच की हा वेग त्याला नको आहे. खेळाडूला मात्र नेमका तोच हवा आहे. पात्राला जो शाप वाटतो तो खेळाडूला वर वाटावा, या विसंगतीत या गुप्त पात्राचे खरे नाट्य आहे. ‘मृत्युंजय’चा वाचक कर्णाची व्यथा आपलीशी करतो. वेड्या इओरीचा खेळाडू त्याच्या व्यथेचा लाभ घेतो.

त्या मानाने स्वतः ओरोची फिका आहे. पडदा व्यापून टाकणारा प्रकाश सोडणारा, शांत चेहऱ्याचा हा देव तत्त्वज्ञान सांगतो, परंतु लढवय्या म्हणून त्याला व्यक्तित्व नाही. मूळ यंत्रात तो नेहमीच्या मार्गाने निवडताही येत नाही. ‘प्लस’ या नावाने ओळखल्या गेलेल्या, फेरफार केलेल्या अनधिकृत आवृत्त्यांनी गुप्त पात्रे कोडाविना खुली केली व ओरोचीलाही खेळाडूच्या हवाली केले. तो हाती आल्यावर मात्र त्याचे देवपण पार ओसरते. दोन्ही बाजूंनी ओरोची उभे राहिले, की जो आधी प्रकाश सोडेल त्याचे पारडे जड, एवढाच खेळ उरतो.

प्रतिनायकाला आपल्यात सामावून घेण्याची कल्पना मराठी मनाला परकी नाही. खंडोबाच्या कथेत मणी शरण येतो, देवाच्या सान्निध्यात राहण्याचा वर मागतो आणि त्याला पूजेत स्थान मिळते. न नमलेल्या मल्लाचे मस्तक पायरीशी येते. कोकणच्या दशावतारात वेद चोरणारा संकासुर प्रेक्षकांचा लाडका असतो. मात्र मणीला स्थान मिळते ते शरणागतीमुळे. बॉस शरण येत नाही. तो आपली सारी उद्दामता घेऊन खेळाडूच्या पंगतीत येऊन बसतो, आणि खरा प्रश्न तेथून सुरू होतो.

लिंबूटिंबू आणि रडीचा डाव

हा प्रश्न असा : समोर यंत्र नसून शेजारी उभा असलेला दुसरा खेळाडू असेल, तर बॉस घेणे न्याय्य आहे काय? योहान हॉइझिंगा यांनी ‘होमो लुडेन्स’ (१९३८) या ग्रंथात लबाडी करणारा आणि खेळ मोडणारा असा भेद केला आहे. लबाडी करणारा निदान नियम पाळत असल्याचे सोंग आणतो. खेळ मोडणारा खेळाचे विश्वच नाकारतो. बॉस घेणारा खेळाडू या दोहोंत बसत नाही. त्याने लबाडी केलेली नाही, कारण कोड यंत्रातच आहे. खेळही मोडलेला नाही, उलट त्याला तो मनापासून जिंकायचा आहे. तरीही हरलेल्याला आपली फसगत झाल्याचे वाटते आणि ते अगदीच चुकीचे नाही.

हॉइझिंगांच्या परिभाषेपेक्षा येथे मराठी मुलांच्या खेळाची परिभाषा अधिक उपयोगी पडते. मोठ्या मुलांच्या डावात एखादे लहान मूल घेतले, की ते ‘लिंबूटिंबू’ ठरते. ते बाद झाले तरी बाद नाही, त्याच्यावर राज्य येत नाही. नियम त्याला लागू नाहीत, कारण तो दुर्बळ आहे. बॉस हा उलटा लिंबूटिंबू होय. नियम त्यालाही लागू नाहीत, पण ते तो प्रबळ आहे म्हणून. लिंबूटिंबूची सवलत सर्व भिडू मिळून देतात आणि त्याने डाव जिंकला तरी तो जिंकणे कोणी मोजत नाही. बॉसची सवलत यंत्राने दिलेली असते, तिच्याविषयी भिडूंना कोणी विचारलेले नसते, आणि त्याने जिंकलेला डाव मात्र मोजला जातो. येथेच ‘रडीचा डाव’ या आरोपाला जागा मिळते.

असमान सामर्थ्याची भूमिका खेळात असूच नये, असा याचा अर्थ नाही. विदर्भात जिव्हाळ्याने खेळल्या जाणाऱ्या आट्यापाट्यांत पहिल्या पाटीवरचा ‘सूर’ हा इतरांसारखा आडव्या पाटीत बांधलेला नसतो. मधल्या सूरपाटीतूनही तो धावू शकतो. हे अधिक सामर्थ्य कोणाला खुपत नाही, कारण डाव पालटतो, बचावाची पाळी दुसऱ्या संघावर येते आणि त्याच्याही सूराला तेच सामर्थ्य मिळते. पाळीने असमानता फिटते. लढाई-खेळात अशी पाळी रचनेत नाही. ती खेळाडूंनी आपापसांत ठरवावी लागते.

आणि त्यांनी ती ठरवली, हा या माध्यमाच्या सामाजिक इतिहासातील मोलाचा भाग आहे. ‘सुपर स्ट्रीट फायटर २ टर्बो’मधील गोकी खेळाडूला मिळाला तेव्हा बॉस-रूपापेक्षा सौम्य होता; तरीही हवेतून तिरकस सोडलेल्या त्याच्या ऊर्जागोळ्याला इतर पात्रांकडे उत्तर नव्हते. स्पर्धांमध्ये त्याला मनाई झाली. डेव्हिड सर्लिन यांनी ‘प्लेइंग टू विन’ या पुस्तकात जिंकण्यासाठी खेळाने दिलेले प्रत्येक साधन वापरावे, तक्रार करू नये, अशी कठोर भूमिका मांडली. पण गोकीवरील बंदी त्यांनाही मान्य करावी लागली. जुन्या सगातची कथा याहून सूक्ष्म आहे. तो गोकीइतका अजिंक्य नव्हता, लेखी मनाईही नव्हती; तरी जपानी खेळाडूंनी त्याला सहसा न घेण्याचा अलिखित संकेत पाळला. यंत्राने परवानगी दिली आहे आणि तरीही माणसे एकमेकांसाठी ती वापरत नाहीत, याहून चांगला पुरावा खेळातील नीतीचा कोणता द्यावा? पार्लरमध्ये ‘गुप्तवाला घ्यायचा नाही’ असे बोलून मग नाणे टाकणे हा याच जातीचा करार होय. त्यात शिक्षा नव्हती. पुढच्या वेळी शेजारी कोणी उभे राहणार नाही, एवढाच धाक होता.

कोडाकडून किमतीकडे

हा करार शेजारी उभे राहण्यावर अवलंबून होता. पुलगावला लागून असलेल्या नाचणगावात आज एखाद्या विद्यार्थ्याला हा खेळ खेळायचा झाला, तर यंत्र शोधत हिंडण्याची गरज नाही. मोबाइल पुरेसा आहे. कोड शोधायला क्षणभरही लागत नाही. त्यामुळे गुप्त पात्राभोवतीचे कर्णोपकर्णी ज्ञान संपले, आणि ते सांगणाऱ्याला मिळणारा मानही. एस.एन.के.ने २०१८मध्ये हाच खेळ ‘ग्लोबल मॅच’ या नावाने नव्या यंत्रांसाठी पुन्हा आणला. त्यात आंतरजालावरून दूरच्या प्रतिस्पर्ध्याशी सामना होतो. ज्याचा चेहरा दिसत नाही, त्याच्याशी ‘हा घ्यायचा नाही’ असे बोलून ठरवणे अवघड असते. ते काम मग निर्मात्याच्या नियमावलीकडे जाते.

नव्या खेळांत गुप्तपणाची जागा किमतीने घेतली आहे. २०१६च्या डिसेंबरमध्ये गोकी ‘स्ट्रीट फायटर ५’मध्ये आला तो जादा पात्र म्हणून, मूळ खेळानंतर दहा महिन्यांनी. ‘मॉर्टल कॉम्बॅट ११’मध्ये (२०१९) शाओ कान हा सम्राट खेळाची आगाऊ मागणी नोंदवणाऱ्यांना मिळाला. त्याआधी २०१५च्या ‘मॉर्टल कॉम्बॅट एक्स’मध्ये तीच सवलत गोरोची होती. १९९२च्या यंत्रात हा चार हातांचा राक्षस कोणत्याही कोडाने खेळाडूच्या हाती येत नव्हता. तेथवर पोचून त्याच्याकडून हरणे हीच अनेकांची कमाई होती. २०१५मध्ये तो पावतीबरोबर आला, आणि इतर पात्रांच्या पंगतीत बसावा म्हणून त्याचे सामर्थ्य निर्मात्यांनी आधीच बेताचे करून ठेवले होते.